बेनेडिक्टाईन सिस्टरांच्या छोट्या मठात चार दिवस: पाहुणीनं काय सांभाळायचं?

अधांतरी:

नमस्कार. प्रश्न जरा वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अडीच वर्षं मी आईचं आजारपण काढलं. ती गेली त्याला चार महिने झाले. घर शांत आहे, पण ती शांतता अंगावर येते. रात्री दोन वाजता, तिच्या औषधाच्या वेळेला, अजून जाग येते. एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं की बेनेडिक्टाईन सिस्टरांच्या मठात पाहुण्यांसाठी खोल्या असतात, तिथे जाऊन राहा. मी एका मठाला लिहिलं. सगळ्या मिळून सातच जणी आहेत. सहाव्या दिवशी उत्तर आलं, "या. किती दिवस राहणार ते कळवा." बस्स. मी कोण, कुठल्या धर्माची, कशासाठी येतेय, काही म्हणजे काही विचारलं नाही.

मी ख्रिस्ती नाही. देव मानते का, हेही आत्ता धड सांगता येणार नाही. मग तिथे जाऊन मी करायचं काय? प्रार्थनेला बसावंच लागतं का? बसले आणि उठणं-बसणं चुकलं तर? पैशांचं विचारलं तर म्हणाल्या "जमेल ते", आणि 'जमेल ते' या शब्दांनी मला नेहमीच धडकी भरते. शिवाय चार दिवस कुणी माझ्याशी बोललंच नाही, तर मी दुसऱ्या दिवशी बॅग भरेन ही भीती आहेच. कुणी राहून आलंय का?

कोपऱ्यातली खुर्ची:

मी राहून आलेय. अकरा वर्षांत नऊ वेळा, आणि तेही अशाच सात-आठ जणींच्या मठात. मीही ख्रिस्ती नाही. माझा सगळा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला, चुका काढायची खोड आहे, तेव्हा स्वतःच्या चुकांपासूनच सुरुवात करते.

पहिली चूक दारातच. घंटा वाजवली, कुणी येईना. परत वाजवली. मग तिसऱ्यांदा, जरा रागानंच. आतून काठीचा ठकठक आवाज येत होता, तो माझ्याच घंटेच्या गडबडीत मला ऐकू आला नव्हता. ऐंशी उलटलेल्या एक सिस्टर लांबलचक बोळातून येत होत्या. दार उघडून, धाप लागलेली असताना, "आलात, बरं झालं" म्हणाल्या आणि माझी बॅग उचलायला वाकल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर कळलं की दारावर म्हातारं माणूस ठेवतात ते केवळ माणसं कमी म्हणून नाही. (माणसं कमी असतात हेही खरंच.) हे मठ ज्यावर चालतात तो संत बेनेडिक्टचा नियमग्रंथ सहाव्या शतकातला, प्रस्तावना आणि ७३ प्रकरणं, आकारानं अगदी चिमुकला. त्यातलं ६६ वं प्रकरण दार राखणाऱ्यावर आहे. माणूस शहाणं आणि वयस्कर असावं, निरोप घेता-देता यावा, आणि वयामुळे हिंडण्याची हौस उरलेली नसावी. त्याची खोली दाराशीच. कुणी ठोठावलं की आधी "देवाचे आभार" म्हणायचं, कोण आहे ते मग बघायचं. तुम्हाला काही विचारलं गेलं नाही ना, त्याचं मूळ हे. ५३ व्या प्रकरणात तर स्पष्टच म्हटलंय की येईल त्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्तच आला असं समजून आत घ्यावं. आधार बायबलमधला, "परका होतो, तेव्हा मला घरात घेतले" हा. म्हणजे तुमच्या धर्माचा प्रश्न त्यांच्या बाजूनं तुम्ही पत्र लिहिण्याआधीच निकालात निघालेला आहे. तुमच्या बाजूनं निघायला दोनेक दिवस लागतील.

प्रार्थनेची सक्ती नाही, पण जा. निदान सांजप्रार्थनेला तरी. नाहीतर एखाद्या रिकाम्या लॉजवर राहून आल्यासारखं होईल. उठण्या-बसण्याचं सोपं आहे, समोर बघायचं आणि अर्धा क्षण उशिरा तसंच करायचं. मी अडकले ती पुस्तकात. प्रार्थना म्हणजे मुख्यतः बायबलमधली स्तोत्रं. दोन रांगा समोरासमोर, एक कडवं या रांगेनं गायचं, पुढचं त्या रांगेनं. सात जणी म्हणजे एका बाजूला चार, एका बाजूला तीन. एकीला खोकला झाला की ती बाजू दोघींवर येते, आणि ते ऐकू येतं.

तर कडव्याच्या मध्यावर एक तारा छापलेला होता. तारा दिसला की खाली टीप असणार, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. मी पानाच्या तळाशी टीप शोधू लागले. टीप नाही. पान उलटलं, तिथेही नाही. म्हटलं, झालं, कुणी मुद्रितं धड तपासलेलीच नाहीत. आणि या नादात पुढची अर्धी ओळ मी खणखणीत म्हणून मोकळी झाले, एकटीच. कारण तो तारा म्हणजे थांबायची खूण. तिथे सगळ्या एका श्वासापुरत्या गप्प होतात आणि मग उरलेली ओळ एकदम उचलतात. त्या गप्प जागेत माझा आवाज असा काही वाजला की आजही आठवलं की कान गरम होतात. कुणीही वळून बघितलं नाही. मात्र पुढचा तारा आला तेव्हा शेजारच्या सिस्टरांनी माझ्या पुस्तकावर एक बोट टेकवलं, आणि ओळ सुरू व्हायच्या क्षणी उचललं. पुढच्या ताऱ्याला पुन्हा. प्रार्थना संपेपर्यंत त्यांनी हे केलं, आणि स्वतःचं गाणं एकदाही चुकू दिलं नाही. बोटाच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती, सुई टोचली असावी. मठाचं नाव निघालं की मला आधी ते बोट आठवतं.

जेवताना बोलत नाहीत. एक जण वाचते, बाकीच्या ऐकत जेवतात. वाचन धर्मग्रंथाचंच असेल असं मी धरून चालले होते. निघालं ध्रुवावरच्या एका मोहिमेचं वर्णन, आणि कुत्रे सुसाट सुटतात अशा जागी वाचणाऱ्या सिस्टरांची जीभ अडखळली तेव्हा सगळ्यांचे खांदे हलत होते, आवाज मात्र नाही. नियमग्रंथात आहे की लागेल ते एकमेकींनी पुढे करावं, कुणावर मागायची पाळी येऊ नये. तुम्ही हात उचलायच्या आत पाण्याचा जग तुमच्याकडे सरकेल. आपणही दुसरीचा पेला बघायला शिकतो. दोन दिवस लागतात.

आता बोलण्याचं. इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली, म्हणून नीट सांगते. पाहुण्यांचं बघणाऱ्या सिस्टर तुमच्याशी बोलतील, अगदी मोकळेपणानं. बाकीच्या हसून, मान लववून पुढे जातील. नियमग्रंथातही तसंच आहे, नेमून दिल्याशिवाय पाहुण्यांशी गप्पा मारायच्या नाहीत. पहिल्या खेपेला मला हा तुसडेपणा वाटला होता. तिसऱ्या खेपेला मी घरचं एक दुखणं घेऊन गेले होते. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर, ज्याला कंप्लिन म्हणतात, मठात पूर्ण मौन असतं. त्याला नियमग्रंथानं ज्या सवलती दिल्यात त्यांत एक पाहुण्यांच्या गरजेची. ती सवलत मी पुरेपूर वापरली. त्या सिस्टरांना तासभर, खरं तर दीड तास, बसवून घेतलं. त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. पाणी प्यायला मध्यरात्री उठले तर कपडे धुण्याच्या खोलीत दिवा. त्याच सिस्टर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांच्या चादरी इस्त्री करत होत्या. पाहुण्यांचं त्याच बघायच्या, अंथरुणाला खिळलेल्या एका सिस्टरांचं त्याच करायच्या, ऑर्गनही त्याच वाजवायच्या. पहाटे पाच वाजता पहिल्या प्रार्थनेला ऑर्गनवर त्याच होत्या. स्वर सगळे जागच्या जागी. मला मात्र मान वर करवेना.

तेव्हा बोला, जरूर बोला. फक्त दिवसा बोला, आणि आधी विचारा की आत्ता वेळ आहे का. मोठ्या मठात एका पाहुणीचा भार कुणाला जाणवतही नसेल. सात जणींत तो कुठे पडतो हे डोळ्यांना दिसतं. निघताना अंथरुणाच्या चादरी काढून घडी करून ठेवा आणि नवीन कुठे आहेत ते विचारून घालून द्या. तुमच्या 'जमेल ते'चा निम्मा भाग तिथेच फिटला. उरलेल्यासाठी पाकीट, त्यावर नाव न घालता. आकड्याची धास्ती नको, तो कुणी तुमच्याशी जुळवून पाहत नाही.

दीड वर्ष:

माझं नावच माझी ओळख. मी अशाच एका मठात दीड वर्ष होते, आधी उमेदवार, मग नवदीक्षित. व्रतं घेण्याआधी बाहेर पडले. भांडून नाही.

खुर्चीताईंनी पाहुणीच्या बाजूनं छान लिहिलंय, मी स्वयंपाकघराच्या बाजूनं लिहिते. बेनेडिक्टनं म्हटलंय की पाहुणे कधीही, अवेळी येतात आणि मठात त्यांचा कधी तुटवडा नसतो. म्हणून त्यांचं स्वयंपाकघर वेगळं असावं, म्हणजे बाकीच्यांची घडी विस्कटत नाही. वाचायला झकास. आमच्याकडे एकच शेगडी होती आणि तिचाही एक बर्नर रुसलेला. संध्याकाळी सहाला निरोप यायचा की उशिरानं दोघी येताहेत, आणि मी मनात जे म्हणायचे ते देवाचे आभार नव्हते. एकदा माझं तोंड बघून मदर म्हणाल्या, "त्यांना जेवण पुरेल. तुझा चेहरा पुरणार नाही." कोठार सांभाळणाऱ्याच्या प्रकरणात वाक्य आहे, द्यायला काही नसेल तर निदान चांगला शब्द द्यावा. त्याच प्रकरणात हेही आहे की मठातली भांडीकुंडी वेदीवरच्या पात्रांसारखी जपावीत. मी एक पातेलं आपटलं होतं, त्यावर मला हे प्रकरण उतरवून काढायला लावलं. हात दुखला, पण पातेल्याचा पोचा अजून असेल.

आणखी एक गंमत. पाहुण्याला लगेच आत घेतात, पण जिला कायमचं राहायचंय तिला सहजासहजी घेऊ नये असं लिहिलंय. तिनं चार-पाच दिवस दार ठोठावत राहावं, नकार सोसावा, मग बघू. घेतल्यावर वर्षभरात तीनदा नियमग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवायचा. पहिल्यांदा दोन महिन्यांनी, मग सहा, मग चार. पहिल्याच वाचनानंतर सांगायचं, हा नियम, पाळता येत असेल तर आत ये, नसेल तर मोकळ्या मनानं जा. मला ते 'मोकळ्या मनानं' फार उपयोगी पडलं.

एका बाबतीत मात्र मी ताईंशी सहमत नाही. त्या सिस्टरांचा दीड तास तुम्ही खाल्लात असं नका समजू. बेनेडिक्टची बहीण स्कोलास्टिका. दोघं वर्षातून एकदा भेटायची. पोप ग्रेगरींनी लिहून ठेवलंय की एकदा संध्याकाळ झाली तरी बोलणं संपेना. ती म्हणाली, रात्रभर थांब. तो म्हणाला, मठाबाहेर रात्र काढता येत नाही. तिनं हात गुंफून त्यांवर डोकं टेकवलं, प्रार्थना केली, आणि असा पाऊस कोसळला की त्याला उंबरठा ओलांडता येईना. "बाई, हे काय केलंस?" तर म्हणे, "तुला विनवलं, तू ऐकलं नाहीस. देवाला विनवलं, त्यानं ऐकलं." रात्रभर बोलत बसले. तीन दिवसांनी ती गेली. नियम लिहिणाऱ्याच्याच गोष्टीत नियम हरतो, आणि १० फेब्रुवारीला, तिच्या सणाच्या दिवशी, आमच्याकडे ही गोष्ट वाचताना दरवर्षी कुणीतरी हळूच मदरकडे बघून घ्यायचं. तुमच्या सिस्टरांना ती रात्र इस्त्रीसाठी नाही, तुमच्यासाठी जागावीशी वाटली असेल.

अधांतरीताई, हाताला काम हवं असेल तर चादरींच्या घड्या मागा. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, चालत एकमेकींकडे यायचं, टोकाला टोक द्यायचं, परत मागे जायचं. बोलायचं नसतं आणि बोलल्यासारखं होतं. अडीच वर्षं आजारी माणसाच्या चादरी बदलल्यात तुम्ही. हात आपोआप चालतील.

सरळसोट:

कुणाला दुखवायचं नाही, पण विचारतो. बेनेडिक्टनं गरीब आणि वाटसरूंचं म्हटलंय ना? मग या खोल्यांत दमलेले सुखवस्तू लोकच का दिसतात? थोडक्यात शांततेचं हॉटेल, वर सातांच्या कष्टांवर.

कोपऱ्यातली खुर्ची:

प्रश्न रास्त आहे, आणि तो बेनेडिक्टलाही पडला होता. त्याच ५३ व्या प्रकरणात आहे की गरीब आणि यात्रेकरूंची विशेष काळजी घ्यावी, श्रीमंताला मान मिळण्याची सोय त्याचा दराराच करून ठेवतो. पंधराशे वर्षांपूर्वीचा माणूस, पण माणसं ओळखून होता. मी गेले त्या मठात माझ्या शेजारच्या खोलीत दोन आठवडे एक मुलगी होती, घरातून निघून आलेली. ती प्रार्थनेला एकदाही आली नाही, जेवायला मात्र वेळेवर. तिला काही विचारलं गेलं नाही आणि पाकिटाचा विषयही निघाला नाही. बाकी हॉटेल म्हणालात, तर हॉटेलात बाहेर पडताना चादरी आपण घालून देत नाही. सुखवस्तू पाहुणे मठाला काय देऊन जातात, याचा हिशेब मात्र मीही मांडून पाहिलाय आणि तो दरवेळी जुळतोच असं नाही.

दीड वर्ष:

सरळसोट, सातांच्या कष्टांचं तुम्ही बोललात म्हणून सांगते. चिंतनपर जीवन जगणाऱ्या भगिनींच्या मठांसाठी व्हॅटिकनचा २०१८ चा एक आदेश आहे. कायमची व्रतं घेतलेल्या पाचच उरल्या की त्या मठाला स्वतःची प्रमुख निवडण्याचा हक्क राहत नाही. मी असताना आम्ही आठ होतो, त्यातल्या कायमची व्रतं घेतलेल्या सहा, आणि त्यांतल्या दोघी नव्वदीच्या आसपास. जेवणाच्या टेबलावर बसल्या बसल्या आकडेमोड व्हायची, कुणी बोलत नसे इतकंच. अशा घरात पाहुणे हा बोजा असतो आणि तेच दार उघडं ठेवायचं कारणही. पाहुणे बंद करू असा विषय एकदा बैठकीत निघाला. अशा वेळी सगळ्यांना बोलवावं, कारण पुष्कळदा सगळ्यात धाकट्याला सुचतं, असं तिसऱ्या प्रकरणात आहे. धाकटी मी. म्हटलं, बंद करा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि खोल्या चालू ठेवल्या. बरोबरच केलं.

रातपाळी:

छोटी सूचना. मऊ तळव्याची चप्पल न्या, दगडी फरशीवर बूट बंदुकीसारखे वाजतात. आणि मोबाइल नुसता सायलेंट करू नका, बंदच करा. गजर सायलेंटला जुमानत नाही, हे मला पहाटेच्या प्रार्थनेत कळलं. कोंबडा आरवायचा गजर होता.

अधांतरी:

सगळ्यांचे आभार. कोंबड्यावर खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. घड्यांचं वाचून मात्र थोडा वेळ उठून गेले होते.

एकच शंका उरली होती, पहाटेच्या प्रार्थनेला उशीर झाला तर बाहेर थांबायचं की आत जायचं?

कोपऱ्यातली खुर्ची:

आत जा. पहाटेचं पंचाण्णवावं स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावं, म्हणजे उशिरा येणाऱ्यांना गाठता येतं, असं खुद्द नियमग्रंथात आहे. तेवढ्यातही नाहीच जमलं तर मागच्या बाकावर. आणि रात्री दोनला जाग आलीच, तर पडून राहू नका. आमच्या तिथे देवळाचं दार आतल्या बाजूनं रात्रभर उघडं असायचं, वेदीपाशी एक बारीक दिवा. तुमच्याकडे तसं आहे का, पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवा.

अधांतरी:

आज मठाचं दुसरं पत्र आलं. जसंच्या तसं देते: "गुरुवारी या. सांजप्रार्थनेच्या आधी पोचलात तर बरं. त्या अर्ध्या तासात दार उघडायला कुणी नसतं, आम्ही सगळ्याच गात असतो."

तीनची गाडी होती. ती रद्द करून एकची घेतलीय.